तंबोऱ्याची घोडी आणि एक सुती दोरा

तंबोरा पाहिला की नजर आधी भोपळ्यावर जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारे मोठाले भोपळे वाळवून मिरजेचे कारागीर वाद्याला बसवतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आवाज तिथूनच येतो. भोपळ्याचं काम मोठं आहेच, पण ते सगळ्यात शेवटी येतं. तंबोऱ्याचा स्वभाव ठरतो तो घोडीवर.

नुसती ताणलेली तार छेडली तर तिचा आवाज जेमतेम जवळच्या माणसाला ऐकू येईल. इतकी बारीक वस्तू हवा कितीशी हलवणार? म्हणून ती घोडीवरून, म्हणजे तारांना आधार देणाऱ्या पट्टीवरून, नेतात. तार थरथरली की घोडी खालच्या तबलीला, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी पाटाला, हलवते. तबली रुंद असल्यामुळे भरपूर हवा हलते आणि आतली पोकळी तिला साथ देते. इथपर्यंत गिटारचंही असंच असतं.

फरक आहे घोडीच्या माथ्यात. व्हायोलिनची घोडी वर निमुळती असते, तार तिच्या धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, हाडाची किंवा शिंगाची. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला डोळ्यांना सहजी न कळणारा उतार दिलेला असतो. थरथरणारी तार खाली येताना त्या उताराला थोडी जास्त चिकटते, वर जाताना सुटते. परिणामी तिची मोकळी लांबी एकाच कंपनात किंचित कमी-जास्त होत राहते आणि या ओझरत्या स्पर्शातून वरचे उपस्वर, म्हणजे मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे स्वर, पुन्हा पुन्हा जागे होतात. हीच जवारी.

हे साधं प्रकरण नाही. तार बरोबर मधोमध छेडली तर दुसरा, चौथा असे सम क्रमांकाचे उपस्वर उमटायला नकोत, कारण त्यांच्या हिशेबी ती जागा स्थिर असते. तंबोऱ्यात मात्र ते उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा-तंबोऱ्यावरच्या आपल्या निबंधात हे दाखवून दिलं आणि त्याचं कारण घोडीच्या या रुंद, वक्र माथ्यात शोधलं.

आता तो दोरा. प्रत्येक तारेखाली घोडीवर सुताचा किंवा रेशमाचा एक धागा सरकवलेला असतो, त्याला जीवा म्हणतात. तार नेमकी कुठे टेकावी आणि पुढच्या उताराला किती निसटती लागावी, हे तो ठरवतो. जीवा बोटाने हळूहळू सरकवत तार छेडत राहा: आधी आवाज कोरडा, मुका येतो, मग एका जागी अचानक खुलतो, गुंजायला लागतो. तिथून केसभर पुढे गेलात की पुन्हा चिरका. ती जागा डोळ्यांनी सापडत नाही, कानानेच धरावी लागते. चारही तारांची जागा वेगळी असते. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, पितळी तार जाड; जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, पोलादी तारा बारीक. एकीचं माप दुसरीला चालत नाही.

जवारी नीट लागली की खर्जाच्या पाचव्या उपस्वरातून गंधार ऐकू येऊ लागतो. एकही तार गंधारात मिळवलेली नसताना तो येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला विचाराल तर तंबोरा मिळवण्याची खरी परीक्षा हीच. त्यासाठी तारा अगदी नेमक्या हव्यात, आणि खुंट्यांनी तेवढं बारीक काम होत नाही. तिथे घोडी आणि बूड यांच्यामध्ये तारांत ओवलेले मणी उपयोगी पडतात. मणी बुडाकडे सरकवला की तार ताणली जाऊन स्वर किंचित चढतो.

वर्षानुवर्षं वाजल्यावर तारा घोडीवर बारीक खाचा पाडतात. मग जीवा कुठेही नेला तरी आवाज बंदच राहतो. अशा वेळी कारागीर घोडीचा माथा पुन्हा घासून जवारी काढतो. थोडं घासायचं, तार चढवायची, छेडून ऐकायची, तार उतरवायची, परत घासायचं. जास्त घासलं गेलं तर गेलेलं हाड परत येत नाही, त्यामुळे हे काम घरी करून पाहू नये.