मऊ शिसे, कठीण लोखंड

मऊ वस्तू कठीण वस्तूला झिजवू शकेल काय? हा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला. मुलांनी एका आवाजात "नाही" म्हटले. त्यांना हसण्यात अर्थ नव्हता, कारण ठासणीच्या रायफलीची नळी आतून कशी गुळगुळीत करतात हे वाचेपर्यंत माझीही तीच समजूत होती.

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यावर ठेवलेली शिशाची गोळी. ती गजाने तळापर्यंत ठासायची. अठराव्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जर्मन वंशाच्या कारागिरांनी अशा लांब रायफली घडविल्या. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती वळवायची, ठोकून सांधायची, आतून कोरायची आणि मग पेचदार खाचा पाडायच्या. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते व सरळ जाते. ही जुनी विद्या व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गसलर यांनी पुन्हा हाताने करून दाखविली. १९६९ साली त्यावर चित्रपटही निघाला.

खाचा पाडणारे हत्यार एका खेपेस केसाएवढेच लोखंड खरवडते, पण मागे बारीक कुसे ठेवते. तीच घातक. गोळीभोवतीचे कापड त्यांवर फाटते आणि नेम चुकतो. शिवाय काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन मळ होऊन उरतो. तो खडबडीत जागी धरतो आणि पुढची गोळी अर्ध्या वाटेवर अडकते. दारू तळाशी, गोळी मध्ये, आणि दोहोंत पोकळी! अशा वेळी चाप ओढला तर नळी फुटू शकते, आणि बंदूकवाल्याचा चेहरा तिच्याजवळच असतो.

यावर उपाय शिशाचा. गजाच्या टोकाला खाचे करून तो नळीत तोंडापासून थोडा खाली ठेवतात, त्याच्या खाली सुतळी गुंडाळून बूच करतात आणि वरून वितळलेले शिसे ओततात. थंड झाल्यावर त्या नळीच्या खाचांचा हुबेहूब ठसा घेतलेला दट्ट्या तयार होतो. त्यावर तेल व कुरुंदाची पूड लावून तो पुढे-मागे ओढतात. गजाची मूठ सैल फिरती हवी, म्हणजे दट्ट्या खाचांच्या पेचाने आपोआप वळतो. कुरुंदाचे कण मऊ शिशात रुततात, आणि लोखंड घासतात ते हे कण! शिसे केवळ त्यांना धरून ठेवते. मुलांचे उत्तर, म्हटले तर, अर्धे बरोबरच होते.

खरी परीक्षा हाताची. जिथे दट्ट्या जड जातो तिथे नळी अरुंद आहे. तिथे जास्त घासायचे. सारख्या जोराने सरकू लागला की थांबायचे. दट्ट्या सैल पडल्यास नवा ओतावा लागतो. तोंडाशी फार घासले तर नळी तिथे रुंदावते आणि नेम कायमचा जातो, कारण घासून गेलेले लोखंड परत येत नाही. आरशासारखी चकाकी आणण्याच्या हौसेपायी चांगल्या नळ्या बिघडतात, असे जाणकार सांगतात.

काम जमले की नाही हे नळीत डोकावून पुरते कळत नाही. बार उडाल्यावर काही पावलांवर पडलेला कापडाचा तुकडा कारागीर उचलून पाहतो. मध्ये काळा, कडेला खाचांच्या खुणा, पण कुठेही फाटलेला नाही, असा तो असला म्हणजे नळी तयार.