सभागृहाला जनित्र जोडताना दोन वीजपुरवठ्यांची गाठ पडू नये

भिलाई (छत्तीसगड) : भर पावसाळ्यात गणेशोत्सवाची आरती सुरू असताना वीज जाते, कोणीतरी आवारातील जनित्र सुरू करतो आणि मंडळाचे सभागृह पुन्हा उजळते. त्याच वेळी काही अंतरावर एखादा लाइनमन खांबावर चढून बिघाड शोधत असतो. सभागृहाची जोडणी सदोष असेल, तर त्याने बंद समजलेल्या तारेत जनित्राची वीज उलट दिशेने शिरू शकते. सामुदायिक वास्तूच्या वायरिंगची आखणी करताना सर्वप्रथम याच धोक्याचा विचार करावा लागतो.

सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याभोवती भिलाई शहर वाढले. नोकरीनिमित्त देशभरातून आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही होती. अशा शहरांत मंडळाचे सभागृह हे उत्सव, लग्नकार्य आणि बैठकांचे हक्काचे ठिकाण असते. तेथील वायरिंग मात्र बहुधा केवळ सार्वजनिक वीजपुरवठा गृहीत धरून केलेली असते आणि जनित्र नंतर जोडले जाते.

वितरण रोहित्र ११ हजार व्होल्टचा दाब सुमारे ४०० व्होल्टपर्यंत उतरवते. तेच रोहित्र उलट दिशेनेही काम करते. जनित्राचे २३० व्होल्ट खालच्या बाजूने शिरल्यास वरच्या तारांत हजारो व्होल्ट निर्माण होऊ शकतात. त्यामुळे दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून सभागृहाला वीज देण्याची क्लृप्ती जीवघेणी ठरते. यावर उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्यातील यांत्रिक अडसरामुळे एका वेळी एकच पुरवठा जोडला जातो. हा स्विच फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा असावा, म्हणजेच एक फेजसाठी दोन ध्रुवांचा आणि तीन फेजसाठी चार ध्रुवांचा.

यानंतर भाराचा हिशेब येतो. समजा, सभागृहात २० वॉटचे २० दिवे, ७५ वॉटचे १२ पंखे, ५०० वॉटची ध्वनियंत्रणा आणि एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप आहे. पंप चालताना सुमारे ११०० वॉट घेतो, असे धरल्यास एकूण भार २९०० वॉट होतो. शक्तिगुणक ०.८ मानल्यास ही गरज सुमारे ३.६ केव्हीए भरते. मात्र पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सहापट प्रवाह ओढतो. म्हणून येथे साडेसात केव्हीएचे जनित्र सोयीचे ठरेल. पंप आधी आणि उरलेला भार नंतर सुरू करावा. वातानुकूलन यंत्रे व गिझर यांचा बोर्ड वेगळा ठेवून तो जनित्राला जोडूच नये. तसे न केल्यास वीज गेल्यावर कोणते बटण बंद करायचे, हे प्रत्येक वेळी कोणाच्या तरी लक्षात राहण्यावर अवलंबून राहते.

जनित्रावर चालताना संरक्षणाचे गणितही बदलते. सार्वजनिक पुरवठ्यावर शॉर्टसर्किट झाल्यास मोठा प्रवाह वाहतो आणि एमसीबी तत्काळ पडतो. लहान जनित्र तेवढा प्रवाह देऊ शकत नाही, त्यामुळे एमसीबी पडण्यास विलंब होऊ शकतो. म्हणून ३० मिलीअॅम्पिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारा आरसीसीबी आवश्यक आहे. त्यालाही एक अट आहे. अनेक लहान जनित्रांचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो. तसे असल्यास गळतीच्या प्रवाहाला परतीचा मार्ग मिळत नाही आणि आरसीसीबी निष्क्रिय राहतो. त्यामुळे जनित्राचा न्यूट्रल त्याच्यापाशी एकाच ठिकाणी भूसंपर्काला जोडावा आणि त्याच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र भूसंपर्क द्यावेत. भूसंपर्कासाठी आयएस ३०४३ आणि वायरिंगसाठी आयएस ७३२ ही भारतीय मानके मार्गदर्शक आहेत.

जनित्राची जागाही आखणीचाच भाग आहे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. भिलाईला या वायूची दाहकता ठाऊक आहे. पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ रोजी झालेल्या वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला होता. जिन्याखाली, तळघरात किंवा खिडकीलगत जनित्र ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. ते उघड्यावर, पावसापासून आडोसा असलेल्या जागी असावे. ते चालू असताना इंधन भरू नये.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. काम झाल्यावर जोडणीचा आराखडा बोर्डाशेजारी लावावा आणि दर महिन्याला जनित्रावर भार देऊन आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून पाहावे. उत्सवाच्या धावपळीत स्विच कोणाच्याही हाती जाऊ शकतो. अशा वेळी त्याने चूक केली, तरी दोन पुरवठे एकत्र येणार नाहीत आणि खांबावरच्या लाइनमनचा जीव धोक्यात पडणार नाही, अशी तजवीज वायरिंगमध्येच असली पाहिजे.