जुन्या भिंतीची डागडुजी : दरजा भरताना सिमेंटची घाई नको

पूर्व विदर्भातील ब्रह्मपुरी हे धानाचे आणि तितकेच कडक उन्हाचे गाव. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही आणि त्यानंतर लगेच झाडीपट्टीचा मुसळधार पाऊस सुरू होतो. एकाच भिंतीला वर्षाकाठी इतके तापणे आणि इतके भिजणे सोसावे लागते, म्हणून गावातील जुन्या विटांच्या घरांची दुखणी येथे लवकर वर येतात. जोत्यालगतच्या विटांचे पापुद्रे सुटतात, दोन विटांमधला मसाला भुगा होऊन गळतो, पांढरा लोणा फुलतो. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला, तेव्हा तालुक्यातील नदीकाठच्या गावांत अनेक घरे पाण्यात उभी होती. मातीत रचलेल्या भिंतींचे अशा वेळी काय होते, ते या भागाला वेगळे सांगावयास नको.

अशा भिंतीवर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सिमेंटचा जाड गिलावा किंवा दरजांमध्ये ठासलेले सिमेंट. तो दिसावयास मजबूत असतो. मात्र बहुतेक जुन्या भिंतींच्या बाबतीत तोच उपाय पुढे अपाय ठरतो. असे का होते, हे समजून घेतले तर दुरुस्तीची पुढची सारी कृती आपोआप उलगडते.

दरज मऊ, वीट कणखर

जुन्या घरांची बांधणी चुना-सुरखीत किंवा चिखलमातीत झालेली असते. हा मसाला विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंत तापते, थंडावते, पाया किंचित हलतो. हा ताण दरज सोसते आणि वीट शाबूत राहते. जमिनीतून वर चढणारी ओलही दरजेच्या वाटेने बाहेर पडून वाऱ्यावर सुकते. ओलीबरोबर आलेले क्षार दरजेत साठतात आणि तीच कालांतराने झिजते. दरज म्हणजे भिंतीचा झिजावयाचा भाग. तो काही दशकांनी बदलावा, हीच मूळ योजना.

या दरजेत कडक सिमेंट भरले की ओलीची वाट बंद होते. ओल मग विटेतून बाहेर पडू लागते. क्षार विटेच्या पृष्ठभागामागे स्फटिकरूप धरून फुगतात आणि विटेचे तोंड पापुद्र्यासारखे सुटते. काही वर्षांनी सिमेंटची जाळी तशीच उभी आणि तिच्यामधली वीट आत खचलेली, असे चित्र अनेक घरांत दिसते. दरज पुन्हा भरता येते. हजारो विटा मात्र बदलता येत नाहीत.

चंद्रपूर जिल्हा हा राज्यातील सिमेंटचे मोठे केंद्र. घुग्घुस, राजुरा, कोरपना या पट्ट्यातील चुनखडीवर मोठे कारखाने उभे आहेत. सिमेंट हाताशी असल्याने चुना विस्मरणात गेला. तथापि चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट शतकानुशतके चुन्याच्या सांध्यांवरच उभा आहे. त्याच्या भेगांत वाढलेली झाडेझुडपे काढण्यासाठी २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाची मोठी मोहीम चालवली. घराच्या भिंतीतही पिंपळाचे रोपटे प्रथम उगवते ते रिकाम्या दरजेतच.

आधी पाण्याचा बंदोबस्त

दुरुस्तीपूर्वी पाणी कोठून येते ते शोधावे. कवेलूंच्या वळचणीचे पाणी भिंतीवर येते काय, नाली तुंबली आहे काय, अंगणात भर घालून जमीन जोत्याच्या वर गेली आहे काय, हे पाहावे. कारण दूर केल्याशिवाय भरलेली दरज टिकत नाही. पुरात भिजलेली नऊ इंची भिंत आतून सुकण्यास काही महिने लागतात. तोवर तिला वारा मिळू द्यावा, गिलाव्याने झाकू नये.

भिंत ओळंब्याबाहेर झुकली असेल, पोट काढले असेल किंवा दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांची रुंद भेग गेली असेल, तर ते काम घरच्या घरी करावयाचे नव्हे. तेथे अभियंत्याचा सल्लाच घ्यावा.

जुना मसाला काढताना

खिळ्याने किंवा किल्लीने दरज खरवडून पाहावी. भुगा सहज निघाला तर मसाला चुन्याचा किंवा मातीचा आहे. ओरखडाही उमटला नाही तर तो सिमेंटचा समजावा. दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल, म्हणजे एक सेंटिमीटरच्या दरजेत सुमारे २० ते २५ मिलिमीटरपर्यंत जुना मसाला काढावा. मातीची दरज याहून आतपर्यंत पोकळ झाली असेल तर घट्ट थर लागेपर्यंत जावे, पण एका वेळी हात-दीड हात लांबीचाच भाग मोकळा करावा. दरजेपेक्षा अरुंद छिन्नी आणि हलकी हातोडी हेच योग्य हत्यार. ग्राइंडरने काम भराभर होते खरे, परंतु पाते जरा सरकले की विटेची कड कायमची जाते. शिवाय त्याची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून नाकातोंडावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

सैल भुगा ब्रशने झाडून भिंतीवर पाणी मारावे. भिंत ओलसर हवी, पाणी ओघळणारी नको. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि दरज भुसभुशीत राहते.

चुना-सुरखीच्या भिंतीसाठी एक भाग विरवलेला चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग चाळलेली धुतलेली रेती हे प्रमाण चालते. बाहेरून मातीच्या दरजाही अशा मसाल्याने भरता येतात. चुना मिळणे कठीण असेल किंवा मिस्त्रींना त्याची सवय नसेल, तर एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग रेती असा मऊ मसाला करावा. कळीचा चुना विरवताना उकळतो आणि त्वचा भाजतो. त्या कामाजवळ मुलांना फिरकू देऊ नये. मसाला एकदम न ठासता सुमारे सेंटिमीटरच्या थरांनी दाबून भरावा आणि विटेच्या तोंडापासून किंचित आत ठेवून घोटावा.

वीट बदलताना

खराब विटेभोवतीच्या दरजा प्रथम पूर्ण मोकळ्या कराव्यात. मग तिचे मधोमध तुकडे करून ते काढावेत. सब्बल घालून उचकटल्यास शेजारच्या विटा सैल होतात. एकावेळी एक-दोन विटाच काढाव्यात, सलग ओळ कधीही रिकामी करू नये. तुळईच्या टोकाखालची वीट टेकू दिल्याशिवाय काढू नये. काढलेल्या विटेची मागची बाजू शाबूत निघाली तर तीच उलटी बसवावी. रंग आणि माप दोन्ही जुळतात.

नवी वीट घेताना मापाकडे लक्ष द्यावे. मानकानुसार आजची वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची असते. जुन्या विटेशी ती क्वचितच जुळते. पाडलेल्या घरांच्या विटा मिळाल्या तर उत्तम. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज आला पाहिजे. वीट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावी आणि वरचे पाणी ओसरल्यावर बसवावी. पोकळीच्या तळाला व बाजूंना, तसेच विटेच्या माथ्यावर मसाला लावून ती आत सरकवावी. वरची दरज पातळ पट्टीने आतपर्यंत ठासून भरावी. ती पोकळ राहिली तर वरचा भार त्या विटेवर येतच नाही.

ब्रह्मपुरीच्या हवेत या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. उन्हाळ्यात मसाला जमण्याआधीच सुकतो, पावसाळ्यात तो धुऊन जातो. भरलेल्या दरजांवर किमान आठवडाभर ओले पोते टांगून सावली व ओलावा ठेवावा. एका हिवाळ्यात एकच भिंत हाती घ्यावी आणि पुढच्या पावसाळ्यात तिचे वागणे पाहून दुसरीकडे वळावे. खर्च विभागला जातो आणि घरही राहते घर म्हणूनच दुरुस्त होते.