लिलावाची बोली आणि हातातला चेंडू

अकोल्या-अमरावतीकडे एखादं पोरगं जोरात चेंडू टाकायला लागलं, की त्याचं भविष्य पानटपरीवरच ठरून जातं. तिथल्या काही ठाम समजुती तपासून पाहू.

गैरसमज : मोठं क्रिकेट खेळायचं तर मुंबई-पुणे गाठावंच लागतं.
वस्तुस्थिती : रणजीत महाराष्ट्रातून तीन संघ उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. वऱ्हाडाची वाट नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे जाते. अकोल्याच्या आदित्य ठाकरेचा प्रथम श्रेणीतला पहिलाच सामना म्हणजे थेट रणजीची फायनल : डिसेंबर २०१७, इंदूर, समोर दिल्ली. वय १९. ती जिंकून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला.

गैरसमज : आयपीएलच्या लिलावात नाव आलं, म्हणजे पोरगं मार्गी लागलं.
वस्तुस्थिती : अकोला क्रिकेट क्लबच्या दर्शन नळकांडेला डिसेंबर २०१८ च्या लिलावात पंजाबने घेतलं. त्याचा पहिला आयपीएल सामना उजाडला ८ एप्रिल २०२२ ला, तोही गुजरातकडून आणि पंजाबच्याच विरुद्ध! त्या दिवशी त्याने बाद केलेल्यांत अमरावतीचा जितेश शर्मा होता. मधले तीन हंगाम नेट्समध्ये आणि राखीव बाकावर गेले.

गैरसमज : गोलंदाज चमकला, की सामना खिशात.
वस्तुस्थिती : नोव्हेंबर २०२१, मुश्ताक अली टी-२० करंडकाची उपांत्य फेरी. कर्नाटकच्या डावातल्या शेवटच्या षटकात दर्शनने लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले. तरी विदर्भ चार धावांनी हरला.

गैरसमज : वेग खांद्यातून येतो, खांदे कमावले की झालं.
वस्तुस्थिती : तुलनेसाठी बेसबॉल घ्या. तिथला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कोपर वाकवून चेंडू फेकतो, म्हणून त्याचं कोपर आधी कुरकुरतं. टॉमी जॉन या पिचरच्या कोपरावर १९७४ मध्ये झालेली शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांहून जास्त सरळ करण्याची मुभा नाही. इथे वेग धावण्यातून आणि रोवलेल्या पुढच्या पायातून वर चढतो. त्याच क्षणी कंबर वाकते, पिळली जाते. तरुण गोलंदाजांच्या मणक्याला बारीक तडे जातात ते यामुळे. पाठ दुखते म्हणणाऱ्या पोराला विश्रांती द्यावी, डॉक्टरांना दाखवावं आणि पुढे षटकं मोजूनच द्यावीत.

गैरसमज : लहानपणापासून लेदर बॉल हाती नसेल, तर उशीर झाला.
वस्तुस्थिती : खापरखेड्याचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये भारताकडून कसोटी.

तेव्हा टपरीवर चौकशी करायचीच, तर बोली कितीची लागली ते राहू द्या. पोरानं यंदा षटकं किती टाकली, आणि त्यानंतर त्याची पाठ कशी आहे, ते विचारा.