औषधांच्या डब्यातल्या तीन गोळ्या

आपल्या प्रत्येकीच्या घरी औषधांचा एक डबा असतो. कुणाकडे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, तर कुणाकडे कपाटातला एक खण. अर्ध्या संपलेल्या पट्ट्या, चिकट झालेल्या बाटल्या आणि कशावरची ते आता कुणालाच न आठवणाऱ्या सुट्या गोळ्या त्यात सुखाने नांदत असतात. घरात कुणाला कणकण आली की आपला हात आधी तिकडेच जातो. घरातली पहिली डॉक्टरीण आपणच, नाही का?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. पालकसभेनंतर आयांशी बोलताना नेहमी जाणवतं, की आपण सगळ्याच गोळ्यांना एकच नियम लावतो: ‘बरं वाटलं की बंद!’ मैत्रिणींनो, हा नियम एका गोळीला अगदी बरोबर आहे, दुसरीला चूक आहे आणि तिसरीच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. या तीन गोळ्यांची नीट ओळख करून घेऊ या.

जंतूंवरची गोळी

ही पहिली, अँटिबायोटिक. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि हे औषध देशातच बनू लागलं. पेनिसिलिन आणि त्याच्या जातकुळीतलं अमॉक्सिसिलिन जंतूभोवतीची भिंतच बांधू देत नाहीत. आपल्या शरीरातल्या पेशींना तशी भिंत नसते, म्हणून जंतू मरतो आणि आपण वाचतो. पण सर्दी, फ्लू यांचे विषाणू या जंतूंहून अगदी वेगळे. त्यांच्यावर कोणतीच अँटिबायोटिक चालत नाही. मुलाचं नाक वाहू लागलं म्हणून गेल्या खेपेची उरलेली गोळी देणं म्हणजे कुलपाला भलतीच किल्ली लावणं.

औषध अपुरं पडलं तर चिवट जंतू उरतात आणि पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत. हा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता. म्हणून ही गोळी डॉक्टर सांगतील तितकेच दिवस घ्यायची. तीन तर तीन, सात तर सात. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून आपल्या मनाने थांबवायची नाही आणि उरवून शेजारणीलाही द्यायची नाही. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे ओळखावं.

दोन घरगुती गोष्टीही सांगते. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर देऊ नये. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. मुलांच्या पावडरीच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घालावं. तयार औषध बाटलीवर लिहिलेल्या मुदतीपुरतंच चांगलं राहतं. पुढच्या आजारपणासाठी ते जपून ठेवू नये.

अंगदुखीची गोळी

दुसरी गोळी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांची. सूज आणि दुखणं वाढवणारे पदार्थ शरीरातच तयार होतात, त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. ॲस्पिरिनसारखी औषधं ते तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. पुढे १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. मात्र हेच पदार्थ जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवायला मदतही करतात. म्हणून कंबरदुखीवर महिनोन्‌महिने ही गोळी घेणारीच्या पोटात आग पडते, क्वचित रक्तस्राव होतो, मूत्रपिंडाला इजा पोचते. या गोळीला मात्र आपला नियम लागू! जेवणानंतर घ्यायची, कमीत कमी दिवस घ्यायची आणि बरं वाटलं की बंद. रक्तदाब, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर विचारल्याशिवाय नाहीच. गरोदरपणी, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज हात लावू नये.

पावसाळ्यात तर जास्तच जपायला हवं. ताप डेंग्यूचा असेल तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे पॅरासिटॅमॉलच बरं, तेही बेतानं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटॅमॉल असतंच. दोन्ही एकदम दिल्या तर मात्रा दुप्पट होते आणि यकृताला त्रास होतो. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यास २०११ सालापासून बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

फिट्सची गोळी

ही तिसरी गोळी बहुतेक डब्यात नसतेच. ती असते कपड्यांच्या घडीखाली, लपवलेली. तिच्याबद्दल आपण बोलत नाही, म्हणूनच थोडं जास्त लिहिते.

मेंदूतल्या विजेच्या सूक्ष्म लाटा एकाएकी उसळल्या की फिट येते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं ती उसळी दाबून धरतात. रोजच्या रोज घेतली तरच त्यांची रक्तातली पातळी टिकते. एकदम थांबवली, तर एकामागून एक फिट्स येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने लग्नानंतर सासूबाईंना कळू नये म्हणून गोळ्या सोडल्या आणि गॅसपाशी उभी असतानाच तिला फिट आली. हात भाजला, जीव वाचला. लपवण्याची केवढी किंमत ही!

हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचं एक कारण होतं. १९९९ साली ते काढून टाकलं. कायदा बदलला, आता आपल्या मनांनी बदलायचं आहे. मुलीच्या आयांनी लग्न ठरवतानाच मोकळेपणाने सांगावं आणि मुलाच्या आयांनी ते शांतपणे ऐकावं. औषध चालू असलेल्या कितीतरी जणींचे संसार सुरळीत चालतात.

मूल हवं असेल, तर मात्र आधीच डॉक्टरांशी बोला. सोडियम व्हाल्प्रोएट गरोदरपणी चालू राहिलं, तर शंभरात सुमारे दहा मुलांत जन्मजात व्यंग आढळतं. बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. डॉक्टर औषध बदलून देतात, फॉलिक ॲसिड सुरू करतात. पण म्हणून घाबरून आपल्या आपण गोळी सोडायची नाही! आणखी एक: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी पाळणा लांबवण्याच्या गोळीचा असर कमी होतो. डॉक्टरांना हे विचारायला लाजू नका.

आणि कुणाला फिट आलीच तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काही द्या, कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

आता या रविवारी डबा खाली उतरवाच. मुदत संपलेलं आणि बिननावाचं सारं काढून टाका. उरलेल्या प्रत्येक पट्टीला कागदाची चिठ्ठी जोडा: कुणाची, कशावरची, किती दिवस. डबा मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आणि फिट्सची गोळी घडीखालून काढून उजेडात, रोज नजरेला पडेल अशी ठेवा.