घरची बोली, जगाचे व्यासपीठ

सोव्हिएत काळात कझाकस्तानच्या शहरांत रशियनचा एवढा पगडा होता, की कित्येक कझाक मुसलमान घरांतली मुले आपलीच भाषा विसरली. त्या देशाने २०१८ मध्ये ज्युनिअर युरोव्हिजन या मुलांच्या आंतरराष्ट्रीय गायन स्पर्धेत प्रथमच भाग घेतला. मिन्स्क शहरात बारा वर्षांची दानेलिया तुलेशोवा सहावी आली. २०१९ मध्ये येरझान मक्सिमने, २०२० मध्ये काराकात बाशानोवाने दुसरा क्रमांक पटकावला.

आम्हाला मात्र या क्रमांकांहून स्पर्धेचा एक नियम मोलाचा वाटतो: गाण्याचा मोठा भाग आपल्या देशाच्या भाषेतच हवा. त्यामुळेच कझाक शब्द युरोपभर ऐकू गेले.

आपल्याकडेही घरात एक भाषा, शाळेत दुसरी. घरची बोली लेकरांच्या ओठी राहावी असे वाटत असेल, तर आधी आपणच ती न लाजता बोलू या.