मोटारीचे सुटे भाग : जुने कोणते, नवे कोणते?



'जुने ते सोने' ही म्हण मोटारीला लावायची की नाही, असा प्रश्न ठाणे जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत पडतो. मुरबाड-शहापूरकडचा शेतकरी भाजीचा टेंपो घेऊन कल्याणच्या बाजार समितीत येतो. डोंबिवलीत राहणारे गुरुजी सेकंडहँड मोटारीने खेड्यातल्या शाळेवर जातात. गाडी जुनी, रस्ता खड्ड्यांचा. दर पावसाळ्यानंतर काही ना काही काम निघतेच. मग गॅरेजातला मिस्त्री यादी लिहून देतो आणि विचारतो, "नवे घालू की जुने बघू? जुन्यात स्वस्त पडेल." आपण खिशाकडे पाहून उत्तर देऊन मोकळे होतो. खरे म्हणजे हे उत्तर त्या भागाच्या कामाकडे पाहून द्यायचे असते. ते कसे द्यावे, एवढेच आज सांगायचे आहे.

कोणताही भाग घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. पहिला, हा भाग चालत्या गाडीत दगा देईल तर नुसती खोळंबा होईल, की माणसाच्या जिवावर बेतेल? दुसरा, हा भाग वापराने झिजणारा आहे का? तिसरा, त्याचा बरेवाईटपणा डोळ्यांनी आणि हाताने पारखता येतो का? जिवाशी गाठ असेल, भाग झिजणारा असेल किंवा पारखता येत नसेल, तर तो नवा घ्या. या तिन्हींतून जो सुटला तो जुना घेण्यात काही कमीपणा नाही.

आता पहिला वर्ग घेऊ, म्हणजे जे नवेच घ्यावे ते. यात सगळ्यांत आधी ब्रेक. माळशेज किंवा कसारा घाट भरल्या गाडीने उतरताना ब्रेक तापतात. झिजलेला, तेल प्यालेला लायनर अशा वेळी पकड सोडतो. चाकाच्या सिलिंडरातले रबर जुने असेल तर तेल गळते आणि पायाखालचे पेडल खाली जाते. लोखंडी शू जुना चालेल, पण त्यावरचा लायनर, पॅड, रबर आणि ब्रेकचे नळ नवेच हवेत. स्टेअरिंगचे टाय रॉड आणि बॉल जॉइंट यांचेही तसेच. सीट बेल्ट आणि एअर बॅग तर जुन्या बाजारातून मुळीच आणू नयेत. एअर बॅग एकदाच फुगते, आणि ती वेळेवर फुगेल की नाही हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही. अपघातात सापडलेल्या गाडीचा पट्टा वरून धड दिसला तरी ताण खाल्लेला असतो.

टायरची गोष्ट थोडी वेगळी. नक्षी खोल दिसली म्हणून टायर चांगला, असे समजू नका. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. समजा ३८२१ आहे. तर तो टायर २०२१ सालच्या ३८व्या आठवड्यात, म्हणजे सप्टेंबरात बनला. ही जन्मतारीख वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत. वर नवा थर चढवलेला टायर वाईटच असतो असे नाही, आपली एस.टी.सुद्धा स्वतःच्या कारखान्यांत असे थर चढवून घेते. मात्र तो काम जाणणाऱ्याकडून चढवलेला असावा आणि पुढच्या चाकांना लावू नये.

याच वर्गात क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, बेअरिंग, गॅस्केट, फिल्टर, पाण्याचे पाइप आणि बॅटरी येतात. इथे हिशेब मजुरीचा आहे. क्लच प्लेट बदलायची तर गिअर बॉक्स उतरवावाच लागतो. प्लेट जुनी घातली तरी मिस्त्रीची मजुरी तेवढीच, आणि ती लवकर गेली की तीच मजुरी पुन्हा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यातला हा प्रकार! टायमिंग बेल्ट तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि बेल्टचे वाचवलेले पैसे इंजिनाच्या कामात कितीतरी पटींनी जातात.

दुसरा वर्ग जुना चालणाऱ्या भागांचा. दरवाजा, बॉनेट, डिकीचे झाकण, मडगार्ड, आरसे, हँडल, सीट, दरवाजाच्या काचा, हे भाग वाहनाला झाकतात किंवा सजवतात. गंज, पोचा, तडा डोळ्यांना दिसतो. आपल्याच रंगाचा दरवाजा मिळाला तर रंगाचाही खर्च वाचतो. पोलादी रिम वाकलेली नसेल तर चालेल. जमिनीवर फिरवून पाहावी. पुढची मोठी काच मात्र नवीच बसवावी, कारण ती चिकटवलेली असते आणि काढताना तिला इजा होते. इथे विम्याचा कागदही वाचा. नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या नव्या किमतीतून ५० टक्के घट धरतात, पण काचेवर घट धरत नाहीत. म्हणजे काच फुटली तर आधी विमा कंपनीला विचारावे.

तिसरा वर्ग मधला. सेल्फ, अल्टरनेटर, गिअर बॉक्स आणि खुद्द इंजिन हे मोठ्या किमतीचे भाग. यांचा सांगाडा टिकतो, आतले काही तुकडे झिजतात. म्हणून सांगाडा जुना आणि झिजणारा तुकडा नवा, असा मेळ घालावा. सेल्फ-अल्टरनेटरला नवे ब्रश व बेअरिंग घालून घ्यावे. गिअर बॉक्सचे तेल काढून त्यात लोखंडाचे कण चमकतात का ते पाहावे. इंजिनाच्या तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरा साय दिसला तर तेलात पाणी गेल्याचा संशय धरून कॉम्प्रेशन तपासून घ्यावे.

आपल्या भागात पुराची खूण ओळखणेही आले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. अशा पुरांत बुडालेल्या गाड्यांचे भागही पुढे बाजारात येतात. वायरीच्या जोडात चिखल, तांब्यावर हिरवा थर, सीटला कुबट वास, ही त्याची लक्षणे. बुडालेल्या गाडीतला विजेचा कोणताही भाग फुकट मिळाला तरी घेऊ नये.

कधी कधी जुन्याखेरीज इलाजच नसतो. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. १९९०च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ ही फ्रेंच मोटार जुळवली जाई. काही वर्षांतच ते काम थांबले. कारखाना थांबला की नव्या भागांचा झरा आटतो, आणि मालकाला दुसरी मोडकी गाडी शोधावी लागते. उलट त्याच कंपनीच्या पद्मिनी गाड्या बनणे बंद झाल्यावरही काळीपिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत धावल्या, कारण त्या गाड्या भरपूर होत्या आणि त्यांचे भाग जाणणारे मिस्त्रीही भरपूर होते. म्हणून सेकंडहँड गाडी घेतानाच, तिचे भाग जवळपास मिळतात का, हे आधी विचारून ठेवा.

आता खरेदीची रीत. ठाणे-कल्याणचे गिऱ्हाईक जुन्या भागांसाठी लोकलने कुर्ल्याला जाते. जाताना आपला मोडका भाग बरोबर न्यावा. आकार, भोके आणि त्यावरचा क्रमांक ताडून घ्यावा. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक फरक असतो. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ चे नियम आल्यावर सेन्सर व धुराड्याचे भाग बरेच बदलले, ते मागच्या गाडीला लागतीलच असे नाही. बिल घ्यावे, परत घेण्याची मुदत त्यावर लिहून घ्यावी. बिल द्यायला कां कूं करणारा माल चोरीचा असू शकतो, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. इंजिन बदलायचे असेल तर परिवहन कचेरीची परवानगी घेऊन नोंदणी पुस्तकात नवा क्रमांक चढवावाच लागतो. ठाण्याची ०४ क्रमांकाची गाडी असो की कल्याणची ०५ ची.

हो, एक राहिले. नवे म्हणून मिळणारे सगळेच खरे नसते. खोक्यावर कंपनीचे नाव आणि आत नकली पॅड, असेही घडते. छपाई फिकी, क्रमांक नाही, भाव फारच कमी, असे दिसले तर नव्या खोक्याला भुलू नका. ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेपुढे उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरवरचे चार आकडे मुलांना वाचायला लावा आणि टायरचे वय काढायला सांगा. गणिताचा धडा होईल, आणि घरी गेल्यावर एखादे मूल वडिलांना विचारील, "बाबा, आपल्या टेंपोचा टायर किती सालचा?" त्या प्रश्नाने घाटात एखादी गाडी वेळेवर थांबली, तर या भाषणाचे चीज झाले असे मी समजेन.